गार पाखरातली माशी

१

पांढऱ्या कागदावर माशी पडली आणि समिधाच्या हातातला ब्रश तसाच हवेत राहिला.

माशी मेलेली होती, गोठून मेलेली. चपटी, तपकिरी, बोटानं दाबली तरी चिरडू नये अशी चिवट. पक्ष्यांच्या पिसांत शिरून त्यांच्या रक्तावर जगणाऱ्या या माश्या समिधानं इतक्या पाहिल्या होत्या की झोपेतही ओळखल्या असत्या. रानपक्ष्यांचे रोग आणि त्यांच्या अंगावर पोसले जाणारे जीव हाच तिचा अभ्यास. त्यासाठी तिनं खालापूरजवळच्या एका भाड्याच्या बंगल्यात छोटं केंद्र थाटलं होतं. गावातले लोक त्याला ‘पाखरांचा दवाखाना’ म्हणायचे, आणि तिथून एकही पाखरू बरं होऊन उडताना कोणी पाहिलं नसल्यामुळे गालातल्या गालात हसायचेही.

पण ही माशी फ्रीजरमधून काढलेल्या या पोपटात असायला नको होती.

पोपटाच्या पायाला रियाच्या अक्षरातली चिठ्ठी होती. ‘शेताच्या बांधावर सापडला. मेलेला, ताठ.’ रिया केंद्रातली सहायक, याच गावची. एवढं शिकून गावातच नोकरी मिळवलेली पहिली मुलगी, म्हणून तिच्या बापानं पेढे वाटले होते. तिनं हा पोपट आणून फ्रीजरमध्ये ठेवला आणि थोड्याच दिवसांत तापानं अंथरूण धरलं. आता ती कर्जतच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या मास्कखाली होती. दोन्ही फुप्फुसं भरलेली, शुद्ध येत-जात असलेली. एकही औषध लागू पडत नव्हतं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समिधाला विचारलं होतं, “तुमच्याकडच्या एखाद्या पक्ष्यापासून हे आलं असेल का?” पोपटांपासून माणसाला होणारा एक ताप असतो, तो फुप्फुसांत शिरतो. त्यावरचं औषध निराळं, पण जुनं आणि साधं. वेळेत ओळखलं तर माणूस उठून बसतो. तिनं तातडीनं या पोपटाचा नमुना पुण्याला पाठवायला लावला. काल उत्तर आलं, काहीही नाही. डॉक्टरांनी पक्ष्यांचा विषय बंद केला. समिधाला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटकेचीच लाज वाटली.

आज सकाळी ती पेरू घेऊन हॉस्पिटलात गेली होती. रियाचे वडील भिवाजी बाकावर बसून होते. त्यांनी मान वर केली नाही. रियाच्या आजीनं, सोनुबाईंनी, एक पेरू घेतला, कडेकडेनं खाल्ला आणि बियांचा गाभा पदराच्या टोकाला बांधून ठेवला. खोकत खोकत म्हणाल्या, “पोर उठली की खाईन गं पोटभर.” डॉक्टर मात्र समिधाला बाजूला घेऊन म्हणाले होते, “आजचा दिवस बघू. उद्याचं मी काही सांगत नाही.”

म्हणून ती परत येऊन हा पोपट घेऊन बसली होती. हात रिकामे ठेवणं तिला जमत नव्हतं.

तिनं माशी चिमट्यानं उचलली. या माशीला उबेचंच वेड. पाखरू मेलं, अंग गार पडायला लागलं की ती बिऱ्हाड गुंडाळून दुसऱ्या पाखराकडे निघून जाते. बांधावर ताठ पडलेल्या, थंडगार पोपटात ती थांबेलच कशाला? ती पिसांतच गोठली याचा अर्थ एकच होता. हा पोपट अंगात ऊब असतानाच पिशवीत आणि पिशवीतून फ्रीजरमध्ये गेला होता.

चिठ्ठी रियाची होती. पाखरू रियाचं नव्हतं.

पुण्याला गेला तो भलत्याच पोपटाचा नमुना होता. खरा पोपट कोणीतरी उचलला होता आणि तिकडे रियाच्या छातीत काय शिरलंय हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

२

“पिसं बघितली होतीस?” समिधानं विचारलं.

देवेश खुर्चीत चुळबुळला. पुण्याचा मुलगा, तिच्या हाताखाली पीएच.डी. करणारा. हुशार, पण नजर कायम दाराकडे असलेला. नमुना त्यानंच काढला होता.

“नाही मॅडम. रिया सिरियस होती. लिव्हरचा तुकडा घेतला, पाठवला. पिसं तुम्ही बघता, मी कुठे बघतो?”

“फ्रीजरला हात कोणी लावला?”

“कोणी नाही. म्हणजे, मी इथेच होतो ना.”

“रविवारीसुद्धा?”

“रविवारीसुद्धा.”

“रविवारी लाइट गेली होती. सगळ्या तालुक्यातली. तेव्हा किती वाजता जनरेटर लावलास?”

देवेशचे कान लाल झाले. समिधाला या मुलावर संशय घ्यायचा नव्हता, पण त्याच्या तोंडावर खोटं इतकं स्वच्छ दिसत होतं की न घेऊन करणार काय.

“मी मोहोपाड्याला गेलो होतो,” तो शेवटी म्हणाला. “एका केमिकल कंपनीत इंटरव्ह्यू होता. घरून फार मागे लागलेत मॅडम. पाखरांच्या उवा मोजून संसार होत नाही म्हणतात. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.”

“मग जनरेटर?”

“भिवाजीकाकांनी लावला. किल्ली रियाच्या घरी असतेच. दूध घालायला आले होते तेव्हा लाइट गेली, त्यांनीच फोन करून सांगितलं, तू ये सावकाश, मी हाय हितं. बिचारे. तेव्हा रियाला नुसता ताप होता, घरीच होती.” मग त्याला एकदम आठवलं. “मॅडम, त्याच्या आदल्या दिवशी जगदीशशेठ आले होते. पोल्ट्रीवाले. फ्रीजरमध्ये काय काय आहे, रिपोर्ट कुठे जातात, सगळं खोदून खोदून विचारत होते.”

जगदीश. कुंभिवलीच्या रस्त्याला त्याची पोल्ट्रीची मोठी शेड होती. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांत सलत होतं. गावात पक्ष्यांचा रोग निघाला तर सरकारी माणसं आधी त्याच्या शेडवर येणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

देवेश गेला तसा समिधानं पोपट पुन्हा दिव्याखाली घेतला. आता तो पुरता सैल झाला होता. पंख पसरले तर पिसं अखंड, टोकापर्यंत तजेलदार. चांगला भरलेला, धष्टपुष्ट रानपोपट. पिकत्या भातावर धाड घालणाऱ्या थव्यातला. मग तिनं पाय पाहिले.

बोटांच्या बेचक्यात काळपट, चिकट काहीतरी होतं. नखानं खरवडलं तर तार निघाली. वास घेतला. खोबरेल तेल, आणि राख. तिनं अशी पाखरं सोडवली होती, म्हणून तिला विचार करावा लागला नाही. वडाचा चीक काडीला फासून ती काडी शेतात रोवायची, पाखरू बसलं की चिकटतं. मग तेल आणि राख चोळून सोडवायचं.

तिनं मानेवरून बोट फिरवलं. मणका मोडलेला होता.

हा पोपट मेला नव्हता. कोणीतरी तो जिवंत धरला होता आणि हातानं मान मुरगळून गरम गरमच रियाच्या पिशवीत घातला होता.

३

जगदीश शेडच्या दारात उभा होता, कमरेवर हात. आतून हजारो कोंबड्यांचा एकसारखा कलकलाट येत होता.

“आत यायचं नाय मॅडम,” तो म्हणाला. “तुमच्या पायाला काय काय लागलेलं असंल.”

“तुम्ही शनिवारी फ्रीजरची चौकशी करत होतात.”

“करनारच. माजं घर हाय याच्यावर. तुमी मेलेली पाखरं गोळा करता, उद्या त्यातून कायतरी काढाल आनि माजा माल खड्ड्यात जाईल.”

“रियाचा पोपट कोणीतरी बदललाय, जगदीशशेठ. ती तिकडे मरणाच्या दारात आहे. तो पोपट कुठे आहे एवढं सांगा. मी तुमचं नाव कुठेही घेणार नाही.”

जगदीशचा चेहरा आधी लाल झाला आणि मग, तिला वाटलं नव्हतं असा, उतरला. “भिवाजीची पोर? अजून तशीच हाय?” त्यानं डोक्यावरची टोपी काढली. “ऐका मॅडम. मी भांडखोर हाय, पन इतका नीच नाय. आनि येक सांगा, मला जर ते पाखरू लपवायचंच असतं तर पिशवीच पळवली असती ना? खड्डा मारला, वर चुना टाकला, झालं. त्याच्या जागी दुसरं पाखरू धरून आनून ठेवू? मला काय खूळ लागलंय?”

“बरोबर आहे तुमचं,” समिधा म्हणाली.

ती जीपमध्ये येऊन बसली, पण चावी फिरवली नाही. बाहेर दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत चाललं होतं. जगदीश रागानं बोलला होता, पण नेमकं बोलला होता. ज्याला रोग लपवायचा तो पाखरू नाहीसं करेल. त्याच्या जागी दुसरं ठेवणाऱ्याला पाखरू नाहीसं झाल्याचंच कोणाला कळू द्यायचं नव्हतं. कोणी शोधायलाच लागू नये, म्हणून एवढा खटाटोप.

बरं, रोग तर डोळ्यांना दिसत नाही. तो पुण्याच्या प्रयोगशाळेत दिसतो. रिपोर्टची भीती असलेला माणूस असले उद्योग करत नाही. मग या माणसाला भीती होती ती नुसत्या बघण्याची. समिधानं पिशवी उघडून खरा पोपट एकदा पाहिला असता तर तिला काहीतरी कळलं असतं. काय कळलं असतं?

रानातल्या पोपटाला बघून काय कळणार?

रानातल्या!

पिंजऱ्यातला असता तर कळलं असतं. छाटलेले पंख, गजांना घासून झिजलेली शेपटी, वाढलेली नखं. एका नजरेत. रियानं चिठ्ठीवर शेताचा बांध लिहिला तोच खोटा होता. आणि तिनं खोटं कोणासाठी लिहिलं असेल?

समिधाला पदराच्या टोकाला बांधलेला पेरूचा गाभा आठवला. मऊ भाग खाऊन बियाच तेवढ्या कोणी कशाला राखून ठेवेल? मग तिला म्हातारीचा खोकला आठवला आणि तिनं चावी फिरवली.

तिनं जीप कर्जतच्या दिशेला वळवली. चौकच्या फाट्यावर ट्रकमागे अडकली तेव्हा तिनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. एरवी हॉर्न वाजवणाऱ्यांना ती पाखरांच्या वतीनं शिव्या घालत असे.

४

सोनुबाई बाकावर तशाच बसल्या होत्या. सकाळचा दुसरा पेरू खाऊन झाला होता. बियांचा गाभा त्यांच्या हातात होता, आणि त्या पदराचं टोक सोडत होत्या.

समिधा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. “आजी, हे कुणासाठी ठेवताय?”

“राघूला गं,” म्हातारी म्हणाली, सहज, कोणी नाव विचारलं तर सांगावं तशी. “त्याला बिया लय…” आणि तिचा हात थांबला. तिनं हातातल्या गाभ्याकडे पाहिलं. “अगं बाय. तो कुटं हाय आता? सवय जात नाय मेली.”

भिवाजी उभे राहिले होते. धिप्पाड माणूस, भिंतीला टेकलेला.

“आये, गप.”

“काका,” समिधा म्हणाली, “रविवारी तुम्ही जनरेटर लावलात. दुधाच्या किटलीतून दुसरा पोपट आणलात. पहिला कुठे आहे?”

“कसला पोपट? मला नाय म्हाइत.”

“काका, रिया मरतेय.”

त्या एका वाक्यानं माणूस मोडला. तो बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बोलायला लागला.

“मिठू नाव होतं त्याचं. रिया शाळंत जायला लागली तवापासनं घरात. गेल्या महिन्यात येक रानातला राघू रोज यायचा, पिंजऱ्याला बिलगायचा, याच्यातलं खायचा. तो यायचा बंद झाला आनि आमचा मिठू आजारी पडला. पिसं फुलवून बसायचा, डोळं गळायचं. पोरगी त्याला वटीत घेऊन चमच्यानं पानी पाजायची. मेला तवा तिनं सांगितलं, मी पुरते. पुरलाच नाय. ताप चढला तवा मला म्हनाली, बाबा, मी मिठूला मॅडमच्या फ्रीजरात ठेवलाय, तो कशानं मेला ते कळायला पायजे.”

“आणि तुम्ही तो काढून आणलात.”

“मंग काय करू?” भिवाजींनी तोंडावरचे हात काढले. “मॅडम, तुमीच नाय का शाळंच्या पटांगनात सांगितलं? घरात राघू ठेवला तर गुन्हा हाय, तुरुंग हाय. समद्या गावासमोर सांगितलंत. आनि त्या टायमाला माजी पोर तुमच्या बाजूला माइक धरून उबी होती! तिच्याच घरात पिंजरा निघाला तर तिची नोकरी राहिली असती? फुडं कुणी तिला दारात उबी केली असती? ते पंख मीच छाटायचो. तुमी बघताक्षनी वळखलं असतं.”

समिधाला तो दिवस आठवला. रियाचा माइक थरथरत होता, आणि तिनं नंतर तिला चिडवलंही होतं, एवढी काय घाबरतेस म्हणून.

“इतके दिवस बोलला का नाहीत?”

“पाखरानं मानूस मरतं व्हय? इतकी वर्सं आमच्या हातचं खाल्लं त्यानं, कुनाला शिंक आली नाय. डॉक्टर म्हनलं, पाखराचं काय नाय. मी म्हनलं, सुटलो. तो दुसऱ्याच पाखराचा रिपोट हाय ते मला ठावं होतं. तरी म्हनलं, सुटलो. बापाची अक्कल अशी जाते बगा.”

सोनुबाईंना सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग त्या उठल्या, लेकाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवून रडायला लागल्या. रडता रडता त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

समिधा तोवर पळतच डॉक्टरांकडे गेली होती.

५

डॉक्टरांनी सगळं ऐकलं, फार प्रश्न विचारले नाहीत आणि औषध बदललं. “खात्रीचा रिपोर्ट यायला वेळ लागेल,” ते म्हणाले, “पण घरात आजारी पोपट होता आणि ती त्याला मांडीवर घेऊन बसायची, एवढं मला पुरे आहे. हेच मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.” मग त्यांनी सोनुबाईंच्या छातीचा फोटो काढायला लावला. म्हातारीच्या फुप्फुसावरही डाग निघाला. नातीच्या काळजीनं खोकतेय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. भिवाजींनाही गोळ्या सुरू केल्या.

भिवाजींनी मिठूला घरामागच्या पेरूच्या झाडाखाली पुरलं होतं; ते त्याला काढायला निघाले तेव्हा समिधानं त्यांना अडवलं, हातमोजे आणि मास्क दिला आणि स्वतः बरोबर गेली. ओसरीच्या वाशाला पिंजऱ्याचा आकडा तसाच होता. खालच्या खांबाचं लाकूड चोचीनं कोरून कोरून निम्मं झालं होतं. भिवाजींनी माती हातानंच उकरली. आत एका जुन्या, स्वच्छ धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला पोपट होता. पंख कडेनं सरळ छाटलेले.

समिधानं नवी चिठ्ठी काढली. पेन हातात धरून ती थांबली. जिथं सापडला ते ठिकाण लिहायचं, ही तिचीच पद्धत होती, आणि ती तिनंच रियाला शिकवली होती.

“लिवा मॅडम,” भिवाजी म्हणाले. “घर लिवा. माजं नाव लिवा. फकस्त पोरीचं नको.”

“वनखात्याला मला खरंच सांगावं लागेल, काका.”

“सांगा की. जित्या पोरीचा बाप म्हनून मी कुटंपन हुबा राहीन.”

तिनं लिहिलं. आणि मग, मनात नसताना, विचार करत बसली की गावात अजून किती ओसऱ्यांवर असे आकडे असतील आणि तिच्या त्या भाषणानं किती पिंजरे माजघरात गेले असतील. पुढच्या वेळी पटांगणात उभं राहिल्यावर तुरुंगाच्या आधी दुसरं काहीतरी सांगायला हवं. पाखरू आजारी पडलं तर माझ्याकडे आणा, मी नाव विचारणार नाही, असं काहीतरी.

ती रात्र कोणालाच झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ताप थोडा हलला, एवढंच. त्यानंतरच्या सकाळी घाम आला. मग हळूहळू मास्क निघाला, आणि पुण्याहून आलेल्या नव्या उत्तरात जे असायला हवं होतं ते होतं.

रियाला बसवलं त्या दिवशी ती इतकी हडकली होती की उशांमध्ये दिसतही नव्हती. तिनं आधी समिधाकडे पाहिलं, मग नजर खाली घातली.

“मॅडम, मी चिठ्ठीवर खोटं लिहिलं.”

“माहीत आहे. ती बदलली.”

“मिठू कशानं मेला?”

समिधा सांगणार तेवढ्यात भिवाजी पुढे झाले. “मी सांगतो,” ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. मिठूचा ताप, काडीचा चीक, किटली, मुरगळलेली मान, काहीही वगळलं नाही. रिया ऐकत राहिली. शेवटी तिनं बापाचा हात धरला.

पलीकडच्या खाटेवरून सोनुबाई उतरल्या. त्यांच्या हातात पेरू होता. कडेकडेनं खाऊन गाभा राखायची इतक्या वर्षांची सवय त्यांच्या बोटांत होतीच, बोटं तशी वळलीही. मग त्यांनी तो न खाताच अख्खा रियाच्या हातात दिला.

“बियांसकट खा गं,” त्या म्हणाल्या.